पिकअपचे मागचे पाटे सारखे बसतात, तुटतात? जादा पाटा टाकण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. माल भरला की मागची बाजू बंप रबरावर (चासीखालच्या धक्का झेलणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) टेकते, म्हणून पाटेवाल्याकडे जाऊन एक पाटा, म्हणजे लीफ स्प्रिंगची एक पोलादी पट्टी, वाढवला. थोडे दिवस गाडी ताठ राहिली. मग डाव्या बाजूचा पाटा तुटला. तो बदलला तर पाट्यांच्या मधून जाणारा सेंटर बोल्ट गेला. बोल्ट घातला तोवर शॉकअप गळायला लागले. आता रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यात दणके देते, भरलेली तरीही बसतेच, आणि दर वेळी कोणी ना कोणी सांगतं, ‘शेठ, अजून एक पाटा टाका, काही होत नाही.’

नारायणगाव-आळेफाट्याच्या पट्ट्यात टोमॅटो, कांदा, भाजीपाला वाहणाऱ्या दीड-पावणेदोन टनी पिकअपवर हे दुखणं इतकं नेहमीचं झालंय की मालक ते टायरसारखं खर्चात धरून चालतात. धरू नये. पाटे हा दर हंगामाला बदलायचा भाग नाही. भार बेताचा, पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट घट्ट आणि पाट्याच्या टोकातले बुश जागेवर असतील तर पाटे वर्षानुवर्षं चालतात. ते पुन्हा पुन्हा जात असतील तर त्यामागची कारणं मोजकीच असतात, आणि त्यातलं तुमच्या गाडीचं कोणतं हे बहुतेक वेळा तुटलेला तुकडाच सांगतो. त्यामुळे पहिली विनंती ही की तुटलेला पाटा भंगारात देऊन मोकळे होऊ नका. पाटेवाल्याकडून मागून घ्या.

तुकडा हातात घ्या

डिझेलने धुवा, फडक्याने पुसा आणि तुटलेलं तोंड उन्हात धरा. त्यावर दोन रंग दिसतील. एक भाग काळपट-तपकिरी, गंजलेला, कधी त्यावर शिंपल्यावर असतात तशा अर्धगोल रेषा. दुसरा भाग चकचकीत, दाणेदार, ताजा. काळा भाग म्हणजे जुनी चीर. ती बरेच दिवस हळूहळू वाढत होती, तिच्यात पाणी आणि धूळ शिरत होती. चकचकीत भाग शेवटच्या खड्ड्यात एका झटक्यात तुटला.

काळा भाग मोठा आणि चकचकीत भाग चिंचोळा असेल तर शेवटच्या खेपेच्या वजनाला दोष देण्यात अर्थ नाही. पाटा आधीच अर्ध्याहून जास्त गेलेला होता. अशा वेळी त्या अर्धगोल रेषा जिथे गोळा होतात ती जागा शोधा, चीर तिथून सुरू झालेली असते. बऱ्याचदा ती पाट्याच्या वरच्या अंगाला सापडते, कारण भार आला की टोकं खाली दाबली जातात, मध्य वर ढकलला जातो आणि ताण वरच्या अंगावर पडतो. तिथे हातोड्याचा घाव, वेल्डिंगचा उडालेला थेंब, गंजाचा खड्डा किंवा दुसऱ्या पाट्याच्या टोकाने पाडलेली खाच दिसते का बघा. वेल्डिंगचा एक थेंबसुद्धा पुरतो. तेवढ्या जागेचं पोलाद तापून लगेच थंड होतं, ठिसूळ बनतं आणि चिरेला सुरुवात करून देतं. हौद्याच्या फाळक्याचं वेल्डिंग करताना पाट्यांवर ओलं पोतं टाकायला सांगा आणि अर्थिंगचा चिमटा पाट्याला किंवा यू-बोल्टला लावू देऊ नका.

जवळपास सगळं तोंड ताजं आणि दाणेदार असेल तर दोनच शक्यता उरतात. एक तर भार खरोखरच भलताच होता, नाहीतर पाटा ठिसूळ होता. ठिसूळ पाट्याकडे भट्टीच्या मुद्द्यात येतो.

आता तो कुठे तुटलाय ते बघा.

सेंटर बोल्टच्या भोकातून तुटला असेल तर यू-बोल्ट ढिले होते. यात मला फारसा संशय येत नाही. यू-बोल्ट घट्ट असताना हौसिंगवरचा (मागच्या एक्सलच्या जाड नळीवरचा) मधला वीतभर भाग एकजीव ठोकळ्यासारखा धरलेला असतो, तो वाकतच नाही, त्यामुळे भोकावर ताण येत नाही. यू-बोल्ट सैल झाले की तोच भाग वाकायला लागतो आणि भोक हा तिथला सगळ्यात कमकुवत भाग. सेंटर बोल्ट सारखा तुटण्याचं कारणही हेच. सेंटर बोल्टचं काम पाटे ओळीत ठेवणं आणि हौसिंगची जागा पकडणं एवढंच. ब्रेकचा आणि ओढीचा जोर यू-बोल्टच्या आवळणीने पेलायचा असतो. ती गेली की सगळा जोर त्या बिचाऱ्या बोल्टवर येतो. जाड बोल्ट घालायचा म्हणून भोक मोठं करून घेणारे आहेत. त्याने पाट्याची तिथली रुंदी आणखी कमी होते, म्हणजे आजार वाढवून घेणं.

यू-बोल्टच्या प्लेटच्या काठाशी तुटला असेल तर तिथे वाकण्याचा जोर सर्वांत जास्त असतो. कारण बहुधा भार, नाहीतर संचात घुसवलेला जाड पाटा.

बुश बसतो त्या वळलेल्या टोकाजवळ तुटला असेल तर शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारा झुलता दुवा, हलवून बघा. भार आला की पाटा सरळ होतो, म्हणजे लांबतो, आणि ती लांबी सामावून घ्यायला शॅकल झुलावा लागतो. चिखल आणि गंजाने तो जाम झाला की पाट्याला पुढे-मागे व्हायला वाट राहत नाही, आणि टोक तुटतं.

मेन पाटाच (सगळ्यात वरचा, टोकं वळलेला) तुटला आणि खालचे सगळे धड असतील तर पाट्यांना मिठी मारून बसलेल्या क्लिपा मोजा. या क्लिपा कशासाठी, हे पुष्कळांना माहीत नसतं. रिकामी गाडी गतिरोधकावरून उडते तेव्हा हौसिंग खाली लोंबतं आणि ते सगळं ओझं मेन पाट्यावर येतं. क्लिपा असतील तर तो खालच्या पाट्यांनाही सोबत घेतो. पाटा वाढवताना जुनी क्लिप पुरत नाही म्हणून ती कापून फेकली जाते, आणि पुढे मेन पाटा नेमका रिकाम्या परतीच्या प्रवासात तुटतो. मालक म्हणतो, ‘भार नव्हता तरी तुटला.’ भार नव्हता म्हणूनच.

दर वेळी डावीकडचाच जातो, असं सांगणारे खूप भेटतात. त्यात गूढ काही नाही. आपल्याकडे रस्त्याचा उतार डाव्या कडेला असतो, समोरून गाडी आली की डावी चाकं साइडपट्टीवर उतरतात आणि परत डांबरावर चढतात. तरीसुद्धा एकदा दोन्ही बाजूंचे संच अदलाबदल करून बघण्यासारखे असतात. बसकेपणा उजवीकडे गेला तर पाटा वाईट. डावीकडेच राहिला तर दोष हँगरमध्ये (पाट्याचं टोक चासीला धरणाऱ्या कंसात), चासीत किंवा माल रचण्यात आहे.

काट्यावर जा, पण दोनदा

टोमॅटोचं कॅरेट वीस किलोचं, अधिक रिकाम्या कॅरेटचं दीड-दोन किलो. १.७ टन क्षमतेच्या पिकअपमध्ये त्या हिशेबाने ७८ च्या आसपास कॅरेट बसायला हवीत. हौद्यात जागा मात्र पाच थरांची असते आणि १२० रचली जातात. म्हणजे सव्वीसशे किलो, क्षमतेच्या दीडपट. या गाडीला कुठलाही पाटा टाकला तरी तो तुटेल किंवा त्याऐवजी दुसरं काही तुटेल: हौसिंग, बेअरिंग, टायर, चासी.

पण सगळेच जण दीडपट भरत नाहीत, आणि बेताने भरणाऱ्यांचेही पाटे बसतात. त्यांनी वजनकाट्यावर दोनदा जावं. एकदा पूर्ण गाडीचं वजन, आणि एकदा पुढची चाकं काट्याबाहेर ठेवून फक्त मागच्या एक्सलचं. आरसीवर एक्सलनिहाय वजन असतं, त्याच्याशी ताडून बघा. एकूण वजन बरोबर आणि मागचं जास्त, असं हमखास निघतं.

असं का होतं, त्याचा हिशेब सोपा आहे. समजा पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आहे आणि मालाचा मध्य मागच्या एक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे येतो. मग मालाचा ९० टक्के भार मागे जातो. १७०० किलोला १५३०. आता हौदा मागे वाढवून घेतला, किंवा पुढे बोजा नको म्हणून माल मागच्या फाळक्याला टेकवून रचला, आणि मध्य एक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे गेला. त्याच १७०० किलोचे मागे १८७० होतात आणि पुढची चाकं उलट १७० किलोने हलकी होतात. एक कॅरेट न वाढवता मागच्या पाट्यांवर ३४० किलो चढले. माळशेज घाटाच्या चढाला अशा गाडीचं स्टिअरिंग हातात हलकं हलकं लागतं. ड्रायव्हरला वाटतं, गाडी मस्त चाललीय.

माल पुढच्या फाळक्याला भिडवून रचा, वरचा अपुरा थर पुढच्या बाजूला ठेवा. काही गाड्यांचं दुखणं एवढ्यावरच संपतं.

कायद्याचंही थोडक्यात. पाटे वाढवल्याने आरसीवरचं वजन वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा भाराला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा दंड २०१९ च्या दुरुस्तीपासून आहे, शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च तुमच्याच माथी. पुढचं सगळं मार्गदर्शन पासिंगच्या, म्हणजे आरसीवरच्या वजनाच्या, आत भरणाऱ्या गाडीसाठी आहे.

जादा पाटा, जाड पाटा की हेल्पर

इथे थोडं गणित लागतं, पण ते कळलं तर पाटेवाल्याशी बोलताना कोणी आपल्याला गुंडाळू शकत नाही.

एका पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाबरोबर वाढतो. समजा ८ मिमीचे पाच पाटे आहेत. आठाचा घन ५१२, पाचांचे मिळून २५६०. यात ८ मिमीचा सहावा पूर्ण लांबीचा पाटा घातला तर ३०७२, म्हणजे वीस टक्के जास्त कडक. पाटा न वाढवता एकच ८ मिमीचा काढून १० मिमीचा टाकला तर ३०४८, म्हणजे जवळपास तेवढाच फायदा. उंची कमी वाढते, खर्च कमी, म्हणून हा दुसरा मार्ग लोकप्रिय आहे.

आणि तोच पुन्हा पुन्हा तुटण्याचं मोठं कारण आहे. एका संचातले पाटे जवळजवळ सारखेच वाकतात. सारखं वाकल्यावर ताण मात्र जाडीच्या प्रमाणात येतो. ८ मिमीच्या पाट्यावर जितका ताण, त्याच्या सव्वापट ताण १० मिमीच्या पाट्यावर. म्हणजे सगळ्यात दणकट दिसणारा पाटाच सगळ्यात आधी थकतो. तुम्ही टाकलेला जाड पाटा प्लेटच्या काठाशी तुटला आणि बाकीचे पातळ शाबूत राहिले, असं घडलं असेल तर खराब माल म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. संच जुळवण्यात चूक आहे.

संच पॅराबोलिक असेल, म्हणजे पाटे मधे जाड आणि टोकांकडे निमुळते, एकमेकांत स्पष्ट फट, तर त्यात साधा सपाट पाटा अजिबात घुसवू नका. त्या फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात.

माझं मत असं, की बेताने भरूनही गाडी बसत असेल तर क्रम असा ठेवा. आधी जुन्या संचाची कमान (पाट्यांचा बाक) उतरली आहे का ते बघा. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून चासीच्या खालच्या कडेपर्यंत दोन्हीकडे मोजा आणि त्याच मॉडेलच्या नव्या किंवा धड गाडीशी ताडा. कमान उतरली असेल तर दोन्ही बाजूंचे संच एकदम बदला. एकाच बाजूचा बदलला की गाडी कलते, जुनी बाजू आणखी दबते आणि काही महिन्यांत तुम्ही पुन्हा पाटेवाल्याच्या दारात.

नवा संच घेतानाच सुधारणा करायची असेल तर त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलमधल्या जास्त क्षमतेच्या गाडीचा संच बसतो का ते विचारा. लांबी, रुंदी, बुशचा व्यास, सेंटर बोल्टपासून पुढच्या टोकाचं अंतर, या चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. शेवटची बाब लोक मोजत नाहीत. ती पाव इंचाने जरी चुकली तरी हौसिंग पुढे-मागे सरकतं आणि गिअरबॉक्सची ताकद मागच्या हौसिंगकडे नेणाऱ्या जॉइंट शाफ्टवर त्याचा त्रास निघतो.

आणि ज्यांची गाडी एका बाजूने भरून जाते व दुसऱ्या बाजूने रिकामी कॅरेट घेऊन येते, त्यांना दोन टप्प्यांचा संच सर्वांत सोयीचा. खाली किंवा वर वेगळा हेल्पर पाटा, जो रिकाम्या गाडीत मोकळा राहतो आणि भार आल्यावरच टेकतो. रिकामी गाडी मऊ, भरलेली कडक. सगळी मेख हेल्पर कधी टेकतो यात आहे. रिकाम्या गाडीतच टेकत असेल तर त्याला हेल्पर म्हणण्यात अर्थ नाही, तो जादा पाटाच झाला. माझी पद्धत अशी की निम्मा माल भरून बघायचं, साधारण तिथेच तो टेकायला लागला पाहिजे. दोन्ही बाजूंची फट सारखी हवी. हवेच्या फुग्याचे सहायक संचही मिळतात, पण ते चिखलात, दगडांत आणि हवा भरायला विसरणाऱ्या ड्रायव्हरच्या हातात टिकत नाहीत. मी सुचवत नाही.

भट्टीत कमान चढवणं

उतरलेल्या पाट्याला भट्टीत लाल करून, ठोकून पुन्हा बाक देणं ही जुनी आणि स्वस्त वाट. पाट्याचं पोलाद सिलिकॉन-मँगनीजचं किंवा क्रोमचं असतं. कारखान्यात ते तापवून तेलात विझवतात आणि नंतर पुन्हा ठरावीक तापमानाला मुरवतात, म्हणून त्याला स्प्रिंगपणा येतो. रस्त्याकडेच्या भट्टीत तापमान डोळ्यांनी ठरतं. हवेत थंड केला तर पाटा मऊ पडतो आणि पहिल्याच हंगामात पुन्हा बसतो. पाण्यात विझवला तर काचेसारखा कडक होऊन ताज्या दाणेदार तोंडाने तुटतो. वर म्हटलेला ठिसूळ पाटा तो हाच. थंडच प्रेसवर बाक देणं त्यामानाने बरं, पण तेही टिकाऊ नाही, एखादा हंगाम काढायचा असेल तेवढ्यापुरतं. हातोड्याने घाव घालून बाक देणाऱ्याला मात्र वरच्या अंगावर मारू देऊ नका. का, ते तुकडा बघताना कळलंच असेल.

बसवताना

चांगला संच घाईत बसवला की वाया जातो. त्यामुळे गाडी तिथे ठेवून चहाला जाऊ नका, शेजारी उभे राहा.

पुढच्या चाकांना ठोकळे लावा, घोड्या (लोखंडी स्टँड) चासीखाली द्या, हौसिंग वेगळ्या जॅकवर घ्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कोणी शिरू नये. यू-बोल्ट नवे घ्या. एकदा पूर्ण आवळलेला यू-बोल्ट ताणला गेलेला असतो, दुसऱ्या वेळी तो तेवढी पकड देत नाही. दोन पाटे वाढल्यावर आटे पुरत नाहीत म्हणून नट चार आट्यांवर लटकवून सोडलेला मी पाहिला आहे. तसं दिसलं तर लांब यू-बोल्ट मागवा.

सेंटर बोल्टचं डोकं हौसिंगवरच्या भोकात नीट बसलं आहे का, हे बोट घालून बघा. ते अर्धवट कडेवर बसलं आणि वरून यू-बोल्ट आवळले तर बाहेरून सगळं ठीक दिसतं, आणि शंभर किलोमीटरवर ते घसरून जागेवर येतं. तेव्हा यू-बोल्ट आपोआप सैल. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

यू-बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, फेऱ्याफेऱ्यांनी आवळायचे. शेवटची आवळणी टॉर्क पान्यानेच, आणि आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला. पाइप घालून अंगाच्या जोराने केलेली आवळणी दोन्ही बाजूंना कधीच सारखी होत नाही.

बुश रबराचे असतील तर टोकाच्या आणि शॅकलच्या बोल्टची शेवटची आवळणी चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावरच करा. चाकं हवेत असताना आवळली तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं. असे बुश फाटतात, मग टोक हलायला लागतं, मग पाटा. नवे बुश महिन्याभरात गेले, ही तक्रार बहुतेक वेळा याच एका गोष्टीमुळे.

झालं की प्रत्येक नटावरून प्लेटवर पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवा. पहिल्या भरलेल्या खेपेनंतर पुन्हा टॉर्क पाना लावायचा, पुढे पाचशे किलोमीटरला एकदा, आणि नंतर दर ग्रीसिंगला. नवे पाटे एकमेकांवर बसतात तसा यू-बोल्ट थोडा सैल होतोच, त्यात बसवणाऱ्याचा दोष नसतो. मधल्या काळात रेघ तुटलेली दिसली किंवा प्लेटच्या कडेने लालसर भुकटी झिरपलेली दिसली तर आतले पाटे घासतायत असं समजा आणि त्याच दिवशी आवळा.

शॉकअप सारखे का गळतात

शॉकअप भार उचलत नाही. हे शंभरदा सांगितलं तरी ‘गाडी बसते, शॉकअप टाका’ ऐकायला मिळतंच. वजन पाटे पेलतात, शॉकअप फक्त उडणं जिरवतो. त्यामुळे नवे शॉकअप टाकून गाडीची उंची वाढणार नाही, गॅसवाले असले तरी लक्षात येण्याइतकी नाही.

पण पाटे कडक केल्यावर जुने शॉकअप कमी पडतात, हे खरं. पाटा दीडपट कडक केला तर तेवढंच उडणं जिरवायला शॉकअपचा जोर सुमारे सव्वापट लागतो. तो नसला की रिकाम्या गाडीची मागची चाकं खडीच्या रस्त्यावर टपटप नाचतात, टायर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजतो, आणि ब्रेक मारला की मागचा भाग बाजूला सरकतो. तेव्हा पाट्यांसोबत शॉकअपही जोडीनेच आणि हेवी ड्यूटी घ्या.

गळण्याचं किंवा बुशजवळ फाटण्याचं मुख्य कारण लांबी. पाटे वाढवल्याने हौसिंग चासीपासून दूर गेलं, शॉकअप मात्र जुन्याच मापाचा. आता चाक खड्ड्यात उतरलं की पाटा अजून खाली जायला बघतो आणि शॉकअप आधीच पूर्ण ताणलेला असतो. मग शॉकअपच दोरीसारखं हौसिंग धरून ठेवतो. त्यात वरची पिन वाकते, दांड्याचं सील फाटतं, तेल बाहेर. नवे टाकले की तेच पुन्हा.

माप घ्यायला फार काही लागत नाही. चासी घोड्यांवर घेऊन हौसिंग पूर्ण लोंबू द्या, शॉकअप काढलेला असू द्या, आणि वरच्या पिनेच्या मध्यापासून खालच्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. शॉकअपची पूर्ण ताणलेली लांबी यापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर तरी जास्त हवी. मग हौसिंग जॅकने बंप रबर दबेपर्यंत वर उचला आणि पुन्हा मोजा. शॉकअपची पूर्ण दाबलेली लांबी यापेक्षा तितकीच कमी हवी. ही दोन मापं कागदावर लिहून दुकानात न्या. नुसतं ‘अमक्या गाडीचा द्या’ म्हणालात तर कंपनीच्या मूळ उंचीचा मिळेल आणि तुमची गाडी आता त्या उंचीची राहिलेली नाही.

जुना शॉकअप खरंच गेला आहे का, हे बघायची एक साधी खूण. दांड्यावर हलका ओलसर धुळीचा थर असेल तर घाबरू नका. नळीवरून तेलाचा ओघळ खालच्या बुशपर्यंत आलेला असेल तर गेला. काढून हातात सरळ उभा धरून पूर्ण दाबा आणि ओढा. वाटेत कुठेही मोकळा, रिकामा टप्पा लागला तर तो गेलाच समजा.

उंची वाढल्यावर विसरल्या जाणाऱ्या गोष्टी

यातली ब्रेकची गोष्ट जिवावर बेतणारी आहे. बऱ्याच पिकअपला चासी आणि हौसिंगच्या मधे एक दांडी असलेला ब्रेक व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू भाराने किती दबली यावरून तो मागच्या चाकांना ब्रेकचा दाब किती द्यायचा ते ठरवतो. तुम्ही पाटे वाढवून मागची बाजू उचललीत, तर गाडी भरलेली असूनही व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते. मागचे ब्रेक कमी लागतात, पुढचे तापतात आणि घाटउतारावर गाडी थांबायला वेळ लागतो. त्या दांडीचं सेटिंग मॅन्युअलप्रमाणे करून घ्या. पाटेवाला ते करत नाही, ब्रेकवाल्याकडे जावं लागतं. व्हॉल्व्ह जाम आहे म्हणून काढून सरळ पाइप जोडणाऱ्याच्या दारात मात्र गाडी उभी करू नका.

रिकाम्या गाडीत ठरावीक वेगाला थरथर यायला लागली तर जॉइंट शाफ्टचा कोन बदललाय. शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस नवा टाकून ती जाणार नाही. हौसिंग आणि पाट्यांच्या मधे पाचर घालून कोन जुळवावा लागतो, आणि ती पाचर लोखंडी, सेंटर बोल्टने धरलेली हवी. हेडलाइटही तपासा, मागची बाजू उचलली की झोत जवळच पडतो.

गाडी तिरकी चालतेय असं वाटलं तर ओल्या जागेवरून हळू सरळ पुढे न्या आणि मागे येऊन टायरांचे वण बघा. मागचे वण पुढच्यांच्या रेषेतून एका बाजूला सरकलेले दिसले तर हौसिंग जागेवर नाही. पुढच्या हँगरच्या बोल्टपासून हौसिंगपर्यंत दोन्हीकडे मोजा, फरक लगेच कळेल.

इतकं करूनही तीच बाजू जात असेल

तर पाटे सोडा आणि चासी बघा. हँगर जिथे चासीला रिव्हेट किंवा बोल्टने धरलेला आहे तिथला चिखल तारेच्या ब्रशने काढा. रिव्हेटच्या भोवती गंजाची बारीक कडी दिसते का, चासीच्या पट्टीवर केसासारखी चीर गेलीय का, हँगरचं भोक अंड्यासारखं लांबट झालंय का, हे बॅटरीच्या उजेडात बघा. कोणाला तरी माल भरताना किंवा उतरवताना जवळ उभं करून हँगर हलतो का तेही बघायला सांगा. हँगर हलत असेल तर दर भाराला पाट्याचं टोक वेगळ्या कोनात ओढलं जातं आणि जगातला कुठलाही पाटा तिथे टिकत नाही. वरून वेल्डिंगचा पॅच मारून हे भागत नाही, वेल्डिंगच्या कडेनेच नवी चीर जाते. चासीचं काम करणाऱ्या जाणत्या माणसाकडून आधी हँगर आणि पट्टी दुरुस्त करून घ्या. तोवर नव्या पाट्यांना हात लावू नका.